खाडा म्हणजे शून्य नव्हे

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आणि चौथ्यांदा इथल्याच, ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका मैत्रिणीकडून. मैत्रिणीनं खाली एक ओळ लिहिली होती, "बघ ना, मला हे कधी जमणारच नाही." त्या ओळीमुळे मी हे लिहायला बसले.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. डिप्रेशन हे हल्लीचं खूळ आहे, आपल्या आजी-आजोबांना ते कधी झालं नाही. पहाटे साडेचारला उठा, रोज 10,000 पावलं चाला, 21 दिवस सलग करा, सवय लागलीच म्हणून समजा. एक जरी दिवस चुकला तर पुन्हा शून्यापासून सुरुवात. आधी मनाचा निर्धार हवा, तो नसेल तर सुरूच करू नका. आणि शेवटी ठळक अक्षरांत: व्यायाम करणाऱ्याला मनाच्या गोळ्या लागत नाहीत, आजच बंद करा.

आमच्या ग्रुपवर हे टाकणाऱ्या काकांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. बायपासनंतर ते नेमानं कचराळी तलावाला फेऱ्या मारतात आणि त्यांच्याकडे बघून आमच्या विंगमधले तिघं-चौघं चालायला लागलेत. शिवाय फॉरवर्डचं मूळ खरंच आहे. व्यायामानं मन सावरतं. 2024 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 218 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात 14,000 हून जास्त माणसं होती. चालणं किंवा हलकं धावणं, योग आणि वजनं उचलण्याचा व्यायाम, या तिन्हींनी नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली. मला वाईट वाटतं ते याचंच. इतक्या खऱ्या गोष्टीला अशा अटी लावल्यात की जिला तिची सगळ्यात जास्त गरज आहे ती बाई वाचूनच मागे फिरावी. मी तशी फिरले होते, म्हणून सांगते.

वडील गेले त्या वर्षी माझं चालणं सुटलं ते जवळजवळ सव्वा वर्ष. आधी पंधरा दिवसांचं सुतक आणि पाहुणे, मग पाऊस, मग नुसतंच. ऑफिस, स्वयंपाक सगळं चालू होतं, पण घरी आल्यावर पर्स खांद्यावर तशीच ठेवून मी अर्धा-अर्धा तास सोफ्यावर बसून राहायचे. त्या काळात असले मेसेज मी रोज वाचले आणि रोज थोडी आणखी खचले.

आता एकेक मुद्दा घेते.

"आजी-आजोबांना डिप्रेशन कधी झालं नाही." मग मराठीत हे शब्द आले कुठून? मुलगा गेल्यावर तिनं हाय खाल्ली. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी अंथरूण धरलं. धसका घेतला, मनाला लावून घेतलं, झुरून गेली, खंगत गेला. माझी एक आत्या बाळंतपणानंतर सहा महिने कोणाशी बोलली नाही, तिला "बाहेरचं लागलं" म्हणून अंगारे लावले. दुखणं होतंच, नाव तेवढं नव्हतं आणि उपचार नव्हते. आपण ठाणेकरांनी तर हे जास्त समजून घ्यायला हवं. इथलं मनोरुग्णालय 1901 पासून उभं आहे, आणि "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद महाराष्ट्रभर ऐकत आपण मोठे झालो. माणसं लपवत राहिली त्यात या विनोदाचाही वाटा आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत आयुष्यात कधी ना कधी नैराश्यातून गेलेल्यांचं प्रमाण साधारण वीस प्रौढांत एक असं निघालं. आमच्या एका विंगमध्ये चाळीस घरं आहेत. हिशेब करून बघा.

"पहाटे साडेचारला उठा." हे मी लवकर संपवते, कारण ठाण्याच्या कोणालाही ते समजावून सांगायची गरज नाही. सकाळी साडेसातच्या आसपासची लोकल धरून फोर्टला जाणारी बाई रात्री आठला घरात शिरते. जेवण, ओटा, मुलांच्या वह्या, उद्याच्या डब्याची भाजी, आणि पाठ टेकेपर्यंत साडेअकरा. साडेचारला उठायचं म्हणजे पाच तास झोप. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात आणि झोप तुटली की मन आधी तुटतं. पण याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. पहाटे फार लवकर जाग येणं आणि परत डोळा न लागणं हे नैराश्याचं एक ओळखीचं लक्षण आहे. मी कितीतरी महिने साडेतीन-चारला जागी होऊन पंख्याकडे बघत पडायचे. ज्याची झोप आजारानंच उडवली आहे, त्याला ही अट वाचून काय वाटत असेल? चालायची वेळ तुमची तुम्ही ठरवा. संध्याकाळी साडेसातला तलावपाळीला चालणाऱ्याचं मन काही कमी सावरत नाही.

"10,000 पावलं." हा आकडा डॉक्टरांच्या संशोधनातून आलेला नाही. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली. 1965 मध्ये तिथल्या एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नाव ठेवलं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, तो राहिला. पुढे शास्त्रज्ञांनी खरंच मोजून बघितलं. 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका स्पष्ट कमी होता, आणि साधारण 7,500 नंतर फायदा आणखी वाढताना दिसला नाही. मनाचं म्हणाल तर 2022 मधला एक मोठा आढावा आहे, त्यात 1,90,000 हून जास्त लोक होते. आठवड्याला जेवढ्या हालचालीची शिफारस केली जाते तिच्या निम्मी करणाऱ्यांमध्येही, काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत, नैराश्याचा धोका 18 टक्के कमी होता. पूर्ण करणाऱ्यांमध्ये 25 टक्के. म्हणजे सगळ्यात मोठा फरक पडतो तो काहीच नाही पासून थोडंसं इथपर्यंत येताना. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि एका वेळी किमान दहा मिनिटं सलग हवीत ही जुनी अट तिनं 2020 च्या मार्गदर्शनात काढून टाकली. ठाणे स्टेशनचे जिने, स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावरून घाईघाईनं गाठलेला फलाट, पावसात पार्किंगमध्ये मारलेल्या फेऱ्या, सगळं धरायचं.

आता ते 21 दिवस, कारण माझ्या मैत्रिणीला बहुधा तेच लागलं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लॅस्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटना कमीत कमी 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं, ते त्यांनी 1960 मध्ये लिहिलं. सांगता सांगता "कमीत कमी" गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली. सवयीचा खरा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. 96 जणांनी आपापली एकेक सवय निवडली, कोणी जेवणाबरोबर पाणी, कोणी जेवणाआधी धावणं, आणि 84 दिवस नोंद ठेवली. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. पण माणसागणिक फरक केवढा? 18 दिवसांपासून ते 254 दिवसांच्या अंदाजापर्यंत. व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. आणि फॉरवर्डमध्ये जे कधीच येत नाही ते हे: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर त्याचा म्हणावा असा परिणाम झाला नाही.

हे खरं तर आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात लिहिलेलं आहे. आमच्याकडे फ्रिजशेजारी कॅलेंडर लटकतं, त्यावर दुधाचा हिशेब असतो. दूध आलं नाही की त्या चौकोनात मी "खा" लिहिते, खाडा. महिनाअखेर खाडे वजा होतात, बाकीचं दूध घरात आलेलंच असतं. एका खाड्यामुळे आधीची वीस लिटर कोणी पुसून टाकत नाही. चालायला लागले तेव्हा त्याच चौकोनांत, दुधाच्या आकड्याखाली, मी पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारायला लागले आणि न जमलेल्या दिवशी "खा". पहिल्या महिन्यात नऊ रेघा होत्या. गौरी-गणपतीच्या महिन्यात पाच. दिवाळीनंतर सोळा. फॉरवर्डच्या नियमानं मी आजही शून्यावर आहे, कारण सलग 21 रेघा माझ्या कॅलेंडरवर एकदाही आलेल्या नाहीत. आणि तरी मी दोन वर्षं चालते आहे. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, मासिक पाळी, मेगाब्लॉक हे सगळं असणाऱ्या घरात खंड पडणारच. खंड पडला की नंतरच्या दिवशी काय करायचं, एवढंच शिकायचं असतं.

"आधी मनाचा निर्धार हवा." नैराश्यात जातो तो निर्धारच. पाय मोडलेल्याला आधी धावून दाखव, मग प्लॅस्टर घालू, असं कोणी म्हणतं का? मानसोपचारात बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन नावाची पद्धत आहे, ती नेमकी उलटं सांगते: आधी छोटीशी कृती, वाटणं तिच्या मागून येतं. माझ्या समुपदेशक बाईंनी पहिल्या आठवड्यात एवढंच सांगितलं होतं, "खालच्या गेटपर्यंत जा आणि परत या. परत यायचं हेही आधीच ठरवून जा." मी बुटांचं कपाट उघडलं. वर्षभराच्या दमटपणात डाव्या बुटाचा सोल पुढून सुटला होता, जिभेसारखा लोंबत होता. तो हातात घेऊन मी तिथेच फरशीवर बसले. तेवढं निमित्त त्या दिवशी परत अंथरुणात जायला पुरेसं होतं. मुलगा मागून म्हणाला, "आई, चपला घालून जा ना." मी चपला घालून गेटपर्यंत गेले, वॉचमन काकांनी "बऱ्याच दिवसांनी, ताई" म्हटलं, आणि परत आले. चार मिनिटं झाली असतील. बूट स्टेशनबाहेर शिवून आणायला आणखी तीन आठवडे गेले. कचराळीची पूर्ण एक फेरी झाली ती दुसऱ्या महिन्यात.

शेवटचा मुद्दा गोळ्यांचा, आणि इथे मी अगदी कळकळीनं सांगते. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका. व्यायाम गोळीइतकाच काम करतो असं म्हणणारे बहुतेक जण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या 1999 च्या अभ्यासाकडे बोट दाखवतात. पन्नाशी ओलांडलेले 156 जण, कोणाला व्यायाम, कोणाला सर्ट्रालिन ही गोळी, कोणाला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट सारखेच सुधारले होते. खरं आहे. पण तो व्यायाम आठवड्यातून तीनदा, गटानं, देखरेखीखाली होता, आणि गोळी घेणाऱ्यांना सुरुवातीला आराम लवकर पडला होता. चालू गोळ्या एका दिवसात टाकून द्या असं त्यात कुठेही नाही. या गोळ्या अचानक थांबवल्या की चक्कर, मळमळ, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात, आणि मूळ दुखणं परत उसळू शकतं. त्या डॉक्टर हळूहळू कमी करतात, आठवड्या-महिन्यांच्या हिशेबानं. माझ्या गोळ्या दहा महिने चालल्या. पहाटेची झोप आधी गोळ्यांनी परत आणली, चालायला जायची ताकद त्या झोपेनं दिली. माझ्या अनुभवात या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध कधी उभ्याच राहिल्या नाहीत. आणि थकवा जातच नसेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासून घ्या. कित्येकदा ज्याला आळस म्हणून हिणवलं जातं ते रक्तातच दिसतं.

कोणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. जगण्याचीच इच्छा उरली नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याला चालायला न्या हा सल्ला त्या क्षणी पुरेसा नाही, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.

काकांना मी फोन केला. फॉरवर्डमधली गोळ्यांची ओळ काढायला सांगितली, कारण आमच्या ग्रुपवर गोळ्या घेणारे किमान दोघं मला माहीत आहेत. काका थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बायपासनंतर मलाही चार महिने दिल्या होत्या गं. कोणाला सांगितलं नाही." संध्याकाळी त्यांनी मेसेज डिलीट केला.

मैत्रिणीला यातलं काहीच पाठवलं नाही. तिला लिहिलं, "उद्या सव्वासातला, संध्याकाळी, तुझ्या गेटवर येते. घंटाळीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं. चपला चालतील."