सेन्सरचा डेटा खुला तर करायचाय, पण कुणाच्या उपयोगी पडायला नको? मग हे वाचा

तुमच्याकडे हवा मोजणारं यंत्र आहे, डेटा 'जनतेसाठी खुला' केल्याचं श्रेयही हवंय, पण जनतेनं तो वापरलेला नकोय. हे कसं जमवायचं ते मी गेल्या तीन आठवड्यांत स्वतः भोगून शिकलोय. आमच्या सोसायटीच्या मागे आरएमसी प्लांट, म्हणजे तयार काँक्रीट बनवणारा कारखाना आहे, रात्री अकरानंतर मिक्सरची रांग, सकाळी तुळशीच्या पानांवर राखाडी थर. कमिटी म्हणाली तू कॉम्प्युटरवाला, जवळच्या सेन्सरचे आकडे काढ. काढले. आता सल्ला फुकट देतोय, घ्या.

फाइलचं नाव ठेवा 'एक्स्पोर्ट ३ फायनल न्यू'. त्यात हवा, धूळ, गाव, वर्ष असलं काही चुकूनही येऊ देऊ नका, नाहीतर कुणीतरी सर्च करेल आणि त्याला सापडेल. वर्णनात लिहा 'सेन्सरचा डेटा'. लोक आकडे टाकून थोडंच शोधतात, आकड्यांबद्दल लिहिलेल्या चार ओळींतूनच शोधतात, तेव्हा त्या ओळीच लिहिल्या नाहीत की काम झालं.

रकान्याला नुसतं 'पीएम', म्हणजे हवेतले धुळीचे कण, एवढंच म्हणा. खाली ८०. हे ८० म्हणजे पीएम २.५ चे, अगदी बारीक कणांचे, घनमीटरमागे मायक्रोग्रॅम असतील तर आपल्याकडची २४ तासांची ६० ची मर्यादा ओलांडली, पीएम १० चे, जरा मोठ्या कणांसकट, असतील तर १०० च्या मर्यादेच्या आत, आणि एक्यूआय म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक असेल तर 'समाधानकारक'. एकाच आकड्यात तक्रार, दिलासा आणि शाबासकी. एकक लिहून ही मजा का घालवायची?

वेळ कुठली ते सांगू नका. यंत्र यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, चालत असेल तर सकाळी ९ ची ट्रॅफिक पहाटे साडेतीनला दिसेल, आणि आम्ही मध्यरात्रीचे मिक्सर संध्याकाळी साडेसहात शोधत बसू.

अक्षांश-रेखांश उलटे टाका, पुणं थेट नॉर्वेच्या उत्तरेला बेअर आयलंडजवळच्या समुद्रात जातं. तिथली हवा छान असते.

बंद पडलेल्या तासाला -९९९ भरा आणि गप्प बसा. ९०, ८५ आणि -९९९ ची सरासरी काढली की धूळ वजा २७५. घ्या, प्रदूषण संपलं.

शक्यतो पीडीएफच द्या. स्कॅन केलेली. तिरकी.

आणि आता हुकमी उपाय. सेन्सर हलवा पण कुणाला सांगू नका. माझ्या फाइलमध्ये मार्चपर्यंत आकडे चढे आणि एप्रिलपासून एकदम निम्मे, मी येडा खूश, ग्रुपवर टाकलं पण की प्लांटवाल्यांनी पाणी मारायला सुरुवात केलेली दिसतेय, तिघांनी टाळ्या दिल्या, एका काकांनी हात जोडले. मग सहज म्हणून ते यंत्र बघायला गेलो तर तिथला वॉचमन म्हणतो, साहेब ते आता वर गच्चीवर नेलंय, पाचव्या मजल्याच्या वर, खाली पोरं बॉल मारायची. म्हणजे रस्त्यालगत दीड माणूस उंचीवर मोजलेली धूळ आणि गच्चीवरची धूळ, दोन्ही एकाच रकान्यात, एकाच नावाखाली, मध्ये एक रेघसुद्धा नाही! एवढ्या सगळ्या व्यवस्थेचा मेटाडेटा, म्हणजे आकड्यांबद्दलची माहिती, कुणाकडे, तर वॉचमनकडे, आणि त्याची एजन्सी दिवाळीनंतर बदलणार आहे. मी काय त्याला आकड्यांच्या सीएसव्ही फाइलला जोडून डाऊनलोड करू? शिवाय यंत्र कुठल्या जातीचं तेही लिहिलेलं नाही, प्रकाश टाकून कण मोजणारं स्वस्तातलं असेल तर दमट हवेत कण फुगतात, धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजले जातात, मग आमचा पावसाळ्यातला आकडा खरा धरायचा की निम्मा सोडून द्यायचा? कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र खरं मोजतंय का ते पडताळून जुळवणं, कधी केलं? विचारायला दिलेल्या ईमेलवर लिहिलं, तो परत आला.

सातबारा नसलेल्या जमिनीला तुम्ही हात लावता का हो? गट नंबर नाही, क्षेत्र नाही, मालक कोण माहीत नाही, तरी घ्या म्हणे जमीन. आकड्याचा सातबारा म्हणजेच मेटाडेटा, आणि तुम्ही तो न देता आकडे वाटत सुटलाय.

यंत्राला पैसे होते, उद्घाटनाला नारळ होता, फीत होती, फोटो होते. ओळी लिहायला कुणी नव्हतं? नकाशा-ठिकाणांच्या डेटाची माहिती कशी लिहायची यासाठी आयएसओ १९११५ नावाचं अख्खं स्टँडर्ड आहे, सेन्सरचे आकडे माहितीसकट द्यायची सेन्सरथिंग्ज एपीआय नावाची ठरलेली पद्धत आहे, नसेल झेपत तर नका पाळू, पण फाइलशेजारी एक साधी नोटपॅडची फाइल ठेवा ना: काय मोजतो, कशात मोजतो, कुठे, किती उंचीवर, घड्याळ कुठलं, -९९९ म्हणजे काय, कधी हलवला, कधी तपासला. दहा मिनिटांचं काम आहे. तुमची ती दहा मिनिटं वाचली म्हणून माझे तीन आठवडे गेले, आणि माझ्यासारखे आणखी कितीजण तुमची फाइल उघडून शिव्या देत बंद करत असतील ते तुम्हाला कळणारही नाही, कारण ईमेल परत येतो.

रविवारी कमिटीची मीटिंग आहे. विचारतील, आकडा किती आला? मी सांगणार, ८०. कशाचे ८० ते तुम्ही येऊन सांगा.