गेटबाहेर गाडीवर बसलेला नवरा

मोहोळ तालुक्यातील एका उपकेंद्रात आणि नंतर दक्षिण सोलापुरातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळून मी तीस वर्षे आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली. आता निवृत्त होऊन सोलापुरात राहते. परवा एका बारशाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या सुशिक्षित गृहस्थांनी “खेड्यातल्या लोकांना कुटुंब नियोजनाची माहितीच नसते हो,” असे ठासून सांगितले. बारशात या विषयावर वाद कुठे घालायचा, म्हणून मी गप्प बसले. पण ते वाक्य मनातून जाईना, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

माहिती नसते, हे खरे नाही. शासनाचा हा कार्यक्रम 1952 सालापासून चालू आहे. कुटुंब नियोजनाच्या खुणेचा लाल त्रिकोण पाहत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. तांबी, गोळ्या, निरोध, ऑपरेशन हे शब्द आमच्या भागातील शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही ठाऊक आहेत, आणि तांबी कोणाला मानवली, कोणाला नाही, याचा हिशेब ती नावानिशी सांगू शकते. ज्या माणसासोबत तिला हे ठरवायचे आहे, त्याच्याशी मात्र ती यावर कधी बोललेली नसते, आणि तोही तिच्याशी बोललेला नसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 38 टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुष नसबंदीचे प्रमाण 0.3 टक्के होते. या तफावतीला पुरुषप्रधानता हे कारण सर्वजण देतात आणि ते बरोबरच आहे, परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बाईचे ऑपरेशन ही अशी पद्धत आहे की तिच्यासाठी नवरा-बायकोला एकमेकांशी एक शब्दही बोलावा लागत नाही. “दोन पोरं झाली, आता बास,” असे सासूबाई म्हणतात, आशाताई यादीत नाव घालते, शिबिराचा दिवस ठरतो, गाडी येते आणि आठ दिवसांनी टाके निघतात. निरोध वापरायचा तर दर वेळी बोलणे आले. गोळी रोज घ्यायची तर पाकीट कोठे ठेवायचे, इथपासून प्रश्न. पहिल्या मुलानंतर तीन वर्षे पाळणा लांबवायचा तर तीन वर्षे त्या दोघांचे एकमत टिकावे लागते, आणि घरातील मोठ्या माणसांच्या “दुसरं कधी?” या प्रश्नाला दोघांनी एकच उत्तर द्यावे लागते. त्यामुळे आमच्याकडे पाळणा थांबवणे सोपे आणि लांबवणे अवघड होऊन बसले आहे.

बोलणार तरी कोठे? दोन खोल्यांचे घर, सोप्यात सासरे, मधल्या घरात सासू आणि नणंद, उन्हाळ्यात सगळी मंडळी अंगणात. दिवसभर नवऱ्याशी चारचौघांत बोलणे हेच जिथे उद्धटपणाचे समजतात, तिथे रात्री दिवा मालवल्यावर कुजबुजत ‘निरोध’ हा शब्द उच्चारायचा, ही अपेक्षाच मला विनोदी वाटते. माझ्या निरीक्षणानुसार आमच्या भागातील जोडप्यांचे बहुतेक महत्त्वाचे निर्णय मोटारसायकलवर होतात. एकादशीला पंढरपूरला जाताना किंवा बाजारहून परतताना ती मागे बसलेली असते, तोंड पाहावे लागत नाही, ऐकायला तिसरे कोणी नसते, आणि वाऱ्यामुळे नीट ऐकू आले नाही असे म्हणण्याची सोयही असते. “बाई, येताना गाडीवर बोलले मी, हो म्हणाले,” हे वाक्य मी कितीतरी जणींकडून ऐकले आहे.

न बोलता, गुपचूप काही करावे तर शरीर ते लपू देत नाही. 2017 पासून सरकारी केंद्रांत अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन टप्प्याटप्प्याने मिळू लागले. तीन महिन्यांतून एकदा सुई घेतली की झाले, घरात पाकीट नाही की पुरावा नाही, म्हणून अनेकींना ते सोयीचे वाटले. परंतु त्याने सुरुवातीला अंगावरून अनियमित रक्त जाते आणि पुढे काहींची पाळीच थांबते. हे अपेक्षित आहे, धोक्याचे नाही, एवढे आम्ही सांगत असू. पण ज्या घरात पाळीच्या दिवसांत बाजूला बसण्याची पद्धत आहे, तिथे पंधरा-पंधरा दिवस थोडे थोडे जात राहिले तर सूनबाई चुलीला शिवणार केव्हा? एका मुलीने दुसऱ्या सुईची तारीख उलटू दिली. विचारले तेव्हा म्हणाली, “आत्यांनी बोटावर मोजून दाखवलं बाई, किती दिवस मी भाकरी थापली न्हाई ते.” नवऱ्याला ठाऊक असते तर तो आईला काहीतरी सांगू शकला असता. चार महिन्यांनी तिला दिवस गेले.

पुरुषांच्या भीतीबद्दल लिहिताना मला पूर्वी राग येत असे, आता तेवढा येत नाही. मुळात ‘नसबंदी’ हा शब्दच घात करतो. नस म्हटले की माणसाच्या डोळ्यांसमोर ताकदीची शीर येते, आणि ती बंद झाली की उसाची मोळी उचलणार कोण, असे त्याला खरोखर वाटते. बांधतात ती वीर्यातील बीज वाहून नेणारी बारीक नळी. पुरुषपणाचे संप्रेरक रक्तातून वाहते, त्याचा त्या नळीशी संबंध नाही. बिनटाक्याची ही शस्त्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांत उरकते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. मात्र पुढचे तीन महिने निरोध वापरून नंतर वीर्यतपासणी करावी लागते, हे नीट न सांगितल्यामुळे ‘ऑपरेशन करूनही दिवस राहिले’ अशी प्रकरणे होतात, आणि मग बिचाऱ्या बायकोवर संशय. शिवाय आणीबाणीची आठवण आहेच. 1976 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही, पण त्या काळातील धाक आजोबांकडून नातवापर्यंत पोहोचला आहे.

याच पुरुषांना हिशेब मात्र चोख येतो, हेही सांगितले पाहिजे. 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा अधिक अपत्ये झाल्यास ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, हा नियम पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. खुर्चीचा विषय निघाला की तिसऱ्या मुलावर भर चौकात चर्चा होते. लाज वाटते ती घरात.

आता स्वतःचे सांगते, नाहीतर हे सर्व दुसऱ्यांना शिकवणे होईल. दुसरी मुलगी झाल्यावर घरात मुलाची वाट पाहणे सुरू झाले. मला तिसरे मूल नको होते. मी नवऱ्याला न सांगता तांबी बसवून घेतली, आणि गावोगाव ‘दोघांनी मिळून ठरवा’ असे सांगत फिरत राहिले. तीन वर्षांनी रेशनकार्ड शोधताना माझे तांबीचे कार्ड त्यांच्या हाती लागले. आठ दिवस ते काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी गड्ड्याच्या जत्रेला जाताना स्कूटरवर, समोर पाहतच म्हणाले, “विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं, हे खरं आहे. पण विचारायला हवं होतंस.” या वाक्याचे काय करावे, हे मला आजही नीट कळलेले नाही. कायद्याने स्त्रीला नवऱ्याची परवानगी लागत नाही. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी तिची एकटीची संमती पुरते, आणि नसबंदीसाठीही जोडीदाराची सही बंधनकारक नाही. हे असेच असले पाहिजे. कोणत्याही बाईने मला गुपित ठेवायला सांगितले तर मी ते ठेवले आहे आणि पुन्हा ठेवीन. तरीही त्या तीन वर्षांत आमच्या घरात जी एक खोली बंद होती, तिची किल्ली माझ्याकडे होती.

आमच्या व्यवस्थेचा दोषही यात मोठा आहे. बाईशी बोलायला आशाताई, अंगणवाडी, मी. पुरुषाशी बोलायला कोणी नाही. आमचे आरोग्य सेवक बंधू तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने घेत घरोघर जात, पण या विषयावर “ते तुमच्या रजिस्टरचं काम आहे, सिस्टर,” असे म्हणत. तपासणीच्या दिवशी प्रत्येक गरोदर बाईला आणणारा नवरा गेटबाहेर गाडीवर बसून मोबाईल पाहत असे आणि त्याला आत बोलवावे, असे वीस वर्षे माझ्याही डोक्यात आले नाही.

पुढे एका उन्हाळ्यात मी स्वतः गेटपर्यंत जाऊन एका पोराला हाक मारली. तो घाबरला, काही बरेवाईट झाले की काय असे वाटून. आत येऊन स्टुलाच्या कडेवर बसला. बायकोने पदर सावरला आणि भिंतीवरचा तक्ता वाचू लागली. मी तांबी, गोळ्या, अंतरा, निरोध सगळे समोर ठेवून समजावले, तेव्हा तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “तिला काय पाहिजे ते इचारा की बाई.”

“ती इथेच बसली आहे, तुम्हीच विचारा,” असे म्हणून मी लसीकरणाचे रजिस्टर उघडले. ते भरून झालेले होते. तरी मी दहा मिनिटे मान खाली घालून त्यावर पेन फिरवत राहिले.