दोष गाडीत नसतो, तुमच्यात असतो

मोटारसायकल वाटेत बंद पडली, तर सर्व्हिस सेंटरची पायरी चढण्यापूर्वी आपल्या हातून काय पाप घडले असावे याची उजळणी करून घ्यावी, कारण काउंटरवरचा पहिला प्रश्न तोच असतो.

इंजिनातून खडखड ऐकू येत असेल, तर “या मॉडेलला येतोच आवाज” हे वाक्य आपणच आधी म्हणून टाकावे.

गाडीतले बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर अढळ श्रद्धा ठेवावी. त्यावर फॉल्ट कोड उमटला नाही, तर दोषही नाही; तो इंजिन तापल्यावरच डोके वर काढतो, असे सुचवण्याचा आगाऊपणा करू नये.

बॅटरी उतरली, तर नवी घ्यावी. तीही उतरली, तर आणखी एक घ्यावी. मी सहा महिन्यांत तीन घेतल्या आणि प्रत्येक वेळी “तुमचे रनिंग कमी पडते” हे प्रवचन निमूटपणे ऐकले. वास्तविक इंजिन ५००० आरपीएमवर ठेवून बॅटरीला मल्टिमीटर लावायला दोन मिनिटे पुरतात: १४ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर चार्जिंग ठीक, १२.५ वरच रेंगाळला तर संशय स्टेटरवर (इंजिनातली वीज तयार करणारी गुंडाळी) किंवा रेग्युलेटर-रेक्टिफायरवर (ती वीज बॅटरीजोगी करणारा भाग), आणि १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बॅटरी शिजवतो आहे. एवढे करणे तीन खेपांत एकालाही सुचले नाही. चौथ्या खेपेला एका तरुण मेकॅनिकने मागेपुढे पाहत रेक्टिफायर काढला, तर त्याचा कनेक्टर वितळलेला! नव्या रेक्टिफायरच्या खोक्यावर पार्ट नंबरचे शेवटचे अक्षर बदललेले होते, आणि याचे सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे ओळखीच्या दोषाबद्दल कंपनीने डीलरला धाडलेले पत्रक, वर्कशॉपला केव्हाच आले आहे, हे त्याने हळूच सांगितले.

केव्हाच! म्हणजे कंपनीने दोष ओळखला, भाग सुधारला, डीलरला कळवले, आणि हे सगळे ठाऊक असलेले दुकान मला बॅटऱ्या विकत राहिले.

बुलेटिन म्हणजे रिकॉल नव्हे, हेही ग्राहकाने समजून घ्यावे. रिकॉलचा, म्हणजे सदोष गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचा, गाजावाजा होतो. बुलेटिन बहुधा वर्कशॉपच्या संगणकात निजते आणि वॉरंटी संपेपर्यंत त्याला कोणी उठवत नाही.

अहो, थोडी तरी लाज बाळगा. गाडीच्या नंबरावरून तिचा सगळा इतिहास तुमच्या पडद्यावर उघडतो, मग त्याच पडद्यावरचे बुलेटिन वाचायला काय होते? ते वाचा, ग्राहकापुढे ठेवा आणि मगच बिल फाडा. तिन्ही बॅटऱ्यांची बिले आणि तो वितळलेला कनेक्टर घेऊन मी पुन्हा येणार आहे. त्या दिवशी तरी जॉब कार्डवर “दोष आढळला नाही” असे लिहू नका.