आधी पात्रता वाचा, मग कॉलेज बघा

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या सोलापुरात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. संगमेश्वर की दयानंद, वालचंद की सरळ पुणं? हा कोर्स करून पुढं कशाला पात्र ठरू आणि कशाला नाही, हे मात्र त्या चर्चेत कुणी काढत नाही. मी इथल्याच एका कॉलेजात शिकवतो. इतकी वर्षं मुलं बघून माझं ठाम मत झालंय की आपल्या पोरांना मार्क कमी पडतात त्यापेक्षा वेळेवर न वाचलेल्या अटी जास्त नडतात.

एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. मुलगी एम.ए. झालेली, खुल्या प्रवर्गातली. आई गणवेशाच्या कारखान्यात शिवणकाम करते. मुलीला प्राध्यापक व्हायचं होतं, वाचन चांगलं, वर्गात प्रश्न विचारणारी. नेटचा, म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या पात्रता परीक्षेचा, फॉर्म भरायला बसली तेव्हा कळलं की पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. तिचे होते ५४.६. "सर, ५५ धरत नाहीत का ओ?" नाही धरत. राउंडिंग चालत नाही, असं माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं असतं. राखीव प्रवर्गांना ही अट ५० टक्क्यांची आहे, पण ओबीसीतून भरायचं तर केंद्राच्या यादीप्रमाणे नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेला तिथं चालेलच असं नाही. एम.ए.च्या पहिल्या वर्षी कुणी तिला हा आकडा सांगितला असता तर एका पेपरला तिनं थोडा जास्त जीव लावला असता. तेवढंच पुरेसं होतं.

म्हणून मी पालकांना सांगतो, शेवटाकडून सुरुवात करा. मुलाला कुठं पोचायचंय ते धरा आणि तिथून एकेक पायरी खाली या. बी.एड. करायचंय? खुल्या प्रवर्गाला पदवीला ५० टक्के हवेत. तीन वर्षांचं एलएल.बी.? ४५ टक्के आणि वर सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा. बी.कॉम. किंवा बी.ए. करून एमसीएला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर कोर्सला जायचं मनात असेल तर बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं बरं, आणि ते गणित अकरावीतच "अवघड जातंय" म्हणून सोडलेलं असतं. एम.टेक.चा विचार असेल तर गेट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे नोकरी लागली तरी शेवटच्या वर्षी ती परीक्षा देऊन ठेवावी.

आता लातूर. डॉक्टर-इंजिनिअर करायचं म्हणून आपल्याकडची किती तरी मुलं अकरावी-बारावीला लातूरला जातात. जाऊ देत, तिथं शिकवतात चांगलं. पण अभियांत्रिकीच्या प्रवेशात काही जागा त्या-त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी वेगळ्या असतात. ही हद्द, म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ठरते ती बारावी कुठून दिली त्यावरून. लातूर नांदेडच्या विद्यापीठात येतं. म्हणजे जुळे सोलापुरात वाढलेलं पोरगं आपल्याच गावातल्या कॉलेजसाठी बाहेरचं ठरतं! कटऑफची, म्हणजे शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला त्याची, पीडीएफ उघडून बघा, जागांच्या कोडमध्ये शेवटचं अक्षर असतं एच, ओ किंवा एस. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्यस्तर. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेत या अक्षरांचे कटऑफ वेगवेगळे असतात आणि आपण व्हॉट्सॲपवर फिरणारा कुठला तरी एकच आकडा धरून बसतो. सोलापूर विद्यापीठ २००४ साली शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालं, तेही एकाच जिल्ह्यापुरतं. म्हणजे आपलं घरचं क्षेत्र तसं लहान. पुण्याच्या कॉलेजात आपण ओ मध्ये मोडतो, हे ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरायच्या आधी माहीत पाहिजे.

ऑप्शन फॉर्मबद्दलही बोलतो. "मिळणारच नाही ते कशाला वर टाकायचं?" म्हणून लोक हवं ते कॉलेज खाली ढकलतात. वर टाकल्यानं काहीही जात नाही. मिळालं नाही तर यंत्रणा पुढचा पर्याय बघते. तोटा होतो तो उलट बाजूनं. पहिल्या नंबरचा पर्याय पहिल्याच फेरीत लागला की ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते. मग तिथं जायचं नसेल तरी पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. ज्या कॉलेजात मुलाला खरंच पाठवणार आहात तेच वर लिहा. शेजाऱ्यांना सांगायला बरं वाटतं म्हणून लिहू नका.

आणि कागद. यावर मी तासभर बोलू शकतो. शहराच्या पूर्व भागातली बरीच कुटुंबं तेलंगणातून हातमाग आणि गिरण्यांसाठी इथं आली. जात पडताळणीला ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायला गेलं तर शाळा बंद पडलेली असते, नाहीतर रजिस्टरमध्ये आडनाव वेगळ्याच पद्धतीनं लिहिलेलं असतं. हे काम जुलैमध्ये, फेरी चालू असताना होत नाही. ते अकरावीतच करून टाकायचं असतं. कॉलेजमार्फत तेव्हाच अर्ज करता येतो, हेसुद्धा अनेकांना ठाऊक नसतं.

मुलींच्या पालकांनो, हे नीट वाचा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून हवा. एक पालक मॅनेजमेंट कोट्यात, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागेवर, पैसे भरून आल्यावर मला भेटले, चादरीच्या कारखान्यात नोकरी, घर चालवायचीच ओढाताण. "पुढच्या फेरीत नाही लागलं तर?" या भीतीनं त्यांनी घाई केली होती. पोरीच्या मार्कांना कॅपमधून जागा आरामात लागली असती. त्यांच्यासमोर बसून हे सांगणं मला फार जड गेलं, आणि राग आला तो आपल्या सगळ्या शिक्षणसंस्थांचा. प्रवेशाचे फ्लेक्स लावायला आपल्याकडे पैसे असतात, आणि या माणसाला चार वाक्यं सांगायला कुणी नसतं.

सोलापुरातल्या प्रत्येक ज्युनिअर कॉलेजनं दहावीचा निकाल लागल्यावर, अकरावीचे विषय ठरायच्या आधी, पालकांची एक बैठक घ्यावी. सत्कार नको, पाहुणे नकोत. एक फळा, विषयांची यादी आणि त्यापुढं कुठल्या विषयावरून कुठं जाता येतं ते. बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवा, म्हणजे कारखान्याची पाळी सुटल्यावर आई-बाप येऊ शकतील. पूर्व भागात ती तेलुगूत घ्या, अक्कलकोटकडं कन्नडमध्ये. ज्या कॉलेजला शिकवणारा माणूस कमी पडेल, तिथं मी स्वतः येऊन फळ्यापुढं उभा राहीन. मला तेलुगू बोलता येत नाही, तेवढ्यासाठी एक जण सोबत द्या.