माननीयांनी कार्य अहवाल कसा लिहावा

माननीय म्हणजे पुणे महापालिकेचे नगरसेवक, आणि आपल्या कामांची जी पुस्तिका ते प्रभागात घरोघर वाटतात तो कार्य अहवाल. पहिली गोष्ट कागदाची. अहवाल १३० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचे माप) गुळगुळीत आर्ट पेपरवरच काढा, साधा, न चमकणारा मॅपलिथो नको. आर्ट पेपरवर फोटोतला डांबरी रस्ता चमकतो, आणि प्रभागातल्या बऱ्याच जणांना तो रस्ता सलग बघायला मिळण्याची ती पहिलीच वेळ असते. मधोमध पिना मारून पुस्तिका करायची तर पाने चारच्या पटीत लागतात, हे छापखानेवाला सांगेलच. म्हणजे काम तीन पानांचे असले तरी अहवाल आठ पानांचा होणार. घाबरू नका. मुखपृष्ठ नेत्यांचे, दुसरे पान मनोगताचे, मधली दोन 'क्षणचित्रां'ची, शेवटचे संपर्काचे. उरली तीनच.

मुखपृष्ठावर सगळ्यात वर देश, खाली राज्य, मग शहर, मग तिकीट देणारे आणि त्यांच्या शेजारी तिकीट कापायला निघालेले. या दोघांच्या फोटोंचा आकार फूटपट्टीने मोजून सारखा ठेवा. रस्त्याच्या रुंदीत दोन फूट इकडेतिकडे झालेले चालते, इथे दोन मिलिमीटर चालत नाहीत. माननीय महिला असतील तर त्यांचा फोटो पासपोर्टएवढा आणि पतिराजांचा कमरेपर्यंतचा, अशी जुनी रीत आहे. महापालिकेत महिलांना ५० टक्के जागा राखीव आहेत. फ्लेक्सवर किती चौरस फूट, हे कायद्यात लिहिलेले नाही.

आता मजकूर. अहवालाचा जीव क्रियापदात असतो. 'केले' हे क्रियापद होता होईतो टाळा, कारण ते जाऊन बघता येते. त्याऐवजी महापालिकेच्या फायलीची वाट नीट समजून घ्या. एका गल्लीतली ड्रेनेजलाइन सहा इंची आहे, तुंबते आहे, ती बदलून नऊ इंची टाकायची आहे, असे समजा. तुम्ही क्षेत्रीय कार्यालयाला पत्र दिले, की अहवालात लिहायचे 'पाठपुरावा सुरू'. कनिष्ठ अभियंता चेंबरचे झाकण उघडून नाक दाबून गेला, 'पाहणी पूर्ण'. पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, झाले, 'प्रस्ताव अंतिम टप्प्यात'. अंदाजपत्रकात तरतूद पडली, 'निधी मंजूर' आणि चौकात पहिला फ्लेक्स. मग निविदा, मग लागेल तशी स्थायी समितीची मान्यता, मग कार्यादेश, मग नारळ, मग काम, मग मोजमाप पुस्तकातली नोंद, मग बिल, मग लोकार्पण. साठ मीटरची एक लाइन नीट वापरली तर पाच वर्षांचे पाच अहवाल सहज निघतात. त्यात पुन्हा देवाची कृपा अशी, की निविदा रखडली आणि ३१ मार्च उलटला तर तरतूद व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते, आणि फाईल पहिल्या पायरीवर येऊन बसते. नवख्या माननीयाला याचे वाईट वाटते. मुरलेला माननीय 'निधी मंजूर'चा तोच फ्लेक्स साल बदलून परत लावतो.

एक सावधगिरी. लाइन खरोखरच टाकली गेली तर तिचा उतार बघायला जाऊ नका. पाइप नऊ इंची झाला, पण पुढचे मुख्य चेंबर वरच्या पातळीला राहिले, की मैला पुढे जाण्याऐवजी तळमजल्याच्या न्हाणीघरात परत येतो. अशा वेळी पुढच्या अहवालात 'वाढीव क्षमतेच्या मुख्य वाहिनीसाठी पाठपुरावा सुरू' असे नवे काम आपोआप तयार होते.

जमिनीखालच्या कामांत फार रमू नये, याला आणखी एक कारण आहे. पाइपवर नाव घालता येत नाही. यासाठीच पुण्यात 'स' यादी आणि वर्गीकरण या दोन विद्या विकसित झाल्या. 'स' यादी म्हणजे माननीयांनी सुचवलेल्या कामांची अंदाजपत्रकातली यादी. पैसे पुणेकरांच्या मिळकतकराचेच, पण फलकावर लिहिताना 'माननीयांच्या विकासनिधीतून' असे लिहायचे, म्हणजे घरची एखादी जमीन विकून तुम्ही गल्ली काँक्रीटची केली असे वाटते. वर्गीकरण म्हणजे एका कामासाठी ठेवलेली तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवणे. वर्षभर ड्रेनेजसाठी राखलेले पैसे फेब्रुवारीत दचकून जागे होतात आणि मार्चपर्यंत त्यांचे बाक, कचऱ्याच्या बादल्या, कापडी पिशव्या आणि दिशादर्शक फलक होतात. बाकाला पाठ असते, पिशवीला दोन बाजू असतात, बादली रोज सकाळी दारात येते. ड्रेनेजलाइनला यातले काय आहे?

बाक कुठे ठेवावा? पदपथावर. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत निवासी भागातल्या पदपथाला चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी ठेवायला सांगितले आहे. त्यातले दोन फूट बाकाने घेतले, उरलेल्यात विजेचा डीपी बॉक्स आणि अमृततुल्यवाल्याची बाकडी आली, की ज्येष्ठ नागरिक रस्त्यावरून चालतात आणि दमले की तुमच्या बाकावर बसतात. दोन्ही गरजा एकाच खर्चात भागतात. पाठीवर मात्र 'सौजन्य' लिहू नका, तो शब्द दुकानदारांचा. आपला शब्द 'संकल्पना'. बाकावर बसावे ही संकल्पना मानवजातीला तुमच्याआधी सुचलीच नव्हती, हे त्यातून नीट पोहोचते.

गतिरोधकाचेही तसेच. काँग्रेसचा (रस्त्यांच्या, पक्षाचा नव्हे) ठोकताळा म्हणजे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच. एवढा पसरट गतिरोधक कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यापेक्षा एका रात्रीत डांबराचा फूटभर रुंद, टोकदार उंचवटा करून घ्या, पांढरे पट्टे मारू नका. रिक्षात बसलेल्या प्रत्येक आजोबांच्या मणक्यापर्यंत तुमचे काम पोहोचेल. मागणी करणाऱ्या सोसायटीने आभाराचे पत्र दिले तर ते छापा. सहा महिन्यांनी तीच सोसायटी गतिरोधक काढण्याची मागणी करील, तेही छापा. दोन कामे झाली.

आता अहवालाचे मुख्य पान, अर्थात काँक्रीटचा रस्ता. शास्त्र सांगते की आधी ड्रेनेज, मग पावसाळी वाहिनी, मग पाण्याची लाइन, मग केबलसाठी रिकामे डक्ट आणि सगळ्यात शेवटी काँक्रीट. हा क्रम पाळला तर एकच नारळ फुटतो. उलटा पाळा. आधी काँक्रीट करा, त्याचे लोकार्पण करा. मग समान पाणीपुरवठा योजनेची लाइन राहिली होती हे आठवते, कटर येतो, दोन फुटांची चर पडते, तिच्यात माती आणि तुकडे लोटले जातात. थरांत दाबून न भरल्यामुळे ती पहिल्या पावसात खचते, मग 'दुरुस्ती'चा नारळ. नंतर केबलवाले. उरलेली तीन पाने भरली की नाही?

जुना थर खरवडून काढण्याच्या भानगडीतही पडू नका. खरवडायला मशीन लागते, राडारोडा उचलायला गाड्या लागतात, आणि फोटोत यातले काहीच दिसत नाही. जुन्यावर नवे चढवत गेले की रस्ता दर खेपेस काही इंच वर येतो, सोसायटीचे पार्किंग तेवढेच खाली जाते, आणि ड्रेनेजची झाकणे खड्ड्यात राहतात. पावसाळ्यात रस्त्याचे पाणी उतार बघून पार्किंगमध्ये येते. मग तुम्ही गमबूट घालून तिथे उभे राहायचे, पंप मागवायचा. 'संकटसमयी माननीय धावले' या मथळ्याला असा फोटो लागतोच, आणि तो स्टुडिओत मिळत नाही.

काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. त्यातले निदान पहिले दोन आठवडे पोती टाकून किंवा वाफे करून पाणी द्यावे लागते. तेवढे थांबणारा माननीय अजून जन्माला यायचा आहे. आचारसंहिता तोंडावर असेल तर चौथ्या दिवशी फीत कापा. वरचा थर भुकटी होऊन उडू लागला की लोक त्याला हवेतले प्रदूषण समजतात, आणि तो विषय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. मुहूर्त मात्र पावसाळ्यातला नको. महापालिकेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन २१ जून २०१८ रोजी थेट उपराष्ट्रपतींच्या हस्ते झाले, आणि समारंभ चालू असतानाच सभागृहाच्या छतातून पाणी गळले. पाणी कमी दाबाने येते अशी तक्रार करणाऱ्या शहरात ते वरून आले, एवढाच काय तो फरक.

पाण्याबद्दल थोडक्यात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवतात. ती भरली की अहवालात जलपूजनाचा फोटो. नळ कोरडा पडला की तो विषय पाटबंधारे खात्याचा, आणि गुरुवार असेल तर देखभाल-दुरुस्तीचा. 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने' हे शब्द महापालिका स्वतःच छापते, तुम्ही त्यात नाव घालायची गरज नाही. पाण्याचे व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या चावीवाल्याचा मोबाइल नंबर मात्र स्वतःजवळ ठेवा. प्रभागातली खरी सत्ता त्याच्या हातात आहे.

यानंतर सगळ्यात नाजूक प्रश्न, श्रेयाचा. शहरात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत. एक प्रभाग पाच जणांचा, बाकी सगळे चौघांचे. म्हणजे तुमचा रस्ता आणखी तिघांच्या अहवालात असणारच. चारही अहवाल जमवून कोणी बेरीज केली तर प्रभागातले रस्ते प्रत्यक्षाच्या चौपट भरतात, पण बेरीज करत नाही कोणी. रस्ता झाला तर चौघांचा आणि खड्डा पडला तर प्रशासनाचा, हे गणित सगळ्यांना पाठ आहे. वेगवेगळ्या पक्षांचे चौघे असतील तर भूमिपूजनाच्या आदल्या संध्याकाळीच आपला नारळ फोडून, फोटो काढून, तो ग्रुपवर टाकून मोकळे व्हा. सकाळी दुसऱ्यांनी फोडलेला नारळ लोकांना शिळा वाटतो.

जुन्या माननीयांना मधल्या काळाची चिंता वाटेल. १५ मार्च २०२२ ला महापालिकेवर प्रशासक आला तो जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत. या जवळजवळ चार वर्षांत एकही नगरसेवक नव्हता, आणि तरीही शहर होते, ही गोष्ट अहवालात फार ठळकपणे येऊ देऊ नका. 'माजी' हा शब्द ज्या आकारात फ्लेक्सवर छापत होता, त्याच आकारात इथेही छापा. भिंग लागले पाहिजे. स्वतः राहत असलेल्या घराची मिळकतकरातली ४० टक्के सवलत २०२३ मध्ये परत मिळाली, तेव्हा निर्णय राज्य सरकारचा होता आणि सभागृह रिकामे होते. म्हणून 'मिळवून दिली' असे न लिहिता 'मिळाल्याबद्दल नागरिकांचे अभिनंदन' असे लिहून वर आपला फोटो टाका. या सवलतीसाठी लागणारे पीटी-३ अर्ज भरायचे शिबिर घेतले असेल तर उत्तमच, झेरॉक्सचा खर्च सांगू नका. मेट्रोचे तर विचारूच नका. पैसे केंद्राचे, राज्याचे आणि कर्जाचे, काम महामेट्रोचे, पण वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा ६ मार्च २०२२ ला सुरू झाला, तेव्हा तुमची मुदत संपायला आठच दिवस होते. आठ दिवस म्हणजे पुष्कळ झाले.

शेवटी धोक्याचा मुद्दा, निवृत्त माणूस. पुण्यात प्रत्येक सोसायटीत बांधकाम खात्यातून किंवा बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ असतात. त्यांच्याकडे टेप असतो, वेळ असतो आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प असतो. माहिती अधिकाराचा अर्ज केला की तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते मोजमाप पुस्तकाची प्रत मागतात, दोष दायित्व कालावधी किती आहे ते विचारतात, आणि त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो फुकट दुरुस्त करायचा असतो हे त्यांना ठाऊक असते. अशा माणसासाठी अहवालात आकडा ठेवूच नये. 'सुमारे', 'लक्षणीय', 'कोट्यवधींची' हे शब्द टेपने मोजता येत नाहीत. तेच गृहस्थ नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकाचा अर्ज भरून पाच लाखांपर्यंतचे एखादे साधे काम सुचवतील. ते झालेच तर त्यावरही 'संकल्पना' आपलीच. क्षेत्रसभेचा, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेचा, विषय त्यांनी काढला, तर ती कायद्यात आहे हे मान्य करा आणि चहा मागवा. फारच ऐकेनात तर त्यांचा ज्येष्ठ नागरिक म्हणून सत्कार करा. शाल, श्रीफळ, आणि पिशवी.

शेवटच्या पानावर संपर्क क्रमांक तुमचा नको, कार्यालयातल्या मुलाचा द्या, आणि त्याला 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य तीन वेगवेगळ्या स्वरांत शिकवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा क्यूआर कोड छापा. ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सोय करून घ्या.

वाटप रविवारी सकाळी, पेपरवाल्या मुलांकडून, वर्तमानपत्रात घालून. आर्ट पेपर तेल पीत नाही, त्यामुळे भजी निथळायला त्याचा उपयोग नाही हे गृहिणी लगेच ओळखतात. पण डाळ-तांदळाच्या डब्यांखाली फळीवर अंथरायला असा जाड, गुळगुळीत कागद दुसरा नाही. म्हणून मुखपृष्ठावरचा तुमचा फोटो मधोमध न घेता उजव्या खालच्या कोपऱ्यात घ्या. फळीच्या पुढच्या कडेला तेवढाच भाग डब्यांच्या बाहेर राहतो. आचारसंहिता लागली की महापालिकेची माणसे चौकातले फलक आणि बाकांवरची नावे कागद चिकटवून झाकत फिरतात. फडताळ उघडायला अजून तरी कोणी आलेले नाही.