खुलासा: मोटर लावली म्हणून शिकणं टळत नाही
‘हार्नेसला मोटर बसवली की साधं हँग ग्लायडिंग शिकायची गरज नाही, सपाट मैदानावरून थेट उडा,’ असा मेसेज फिरतोय. (हँग ग्लायडिंग म्हणजे ग्लायडरच्या मोठ्या पंखाखाली लटकून उडणं; ज्या पट्ट्यांच्या झोळीत लटकतात, ती हार्नेस.) तो चुकीचा आहे. मोटर फक्त मागून ढकलते. वळणं, वेग, उतरणं सगळं शरीराचं वजन सरकवूनच करायचं. उलट काम वाढतं: अंगावर इंजिनाचं ओझं घेऊन धावायचं आणि दोन्ही हात ग्लायडर सावरण्यात गुंतलेले, म्हणून काही हार्नेसमध्ये उड्डाण घेताना थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची कळ) चक्क दातांत धरतात! नाक फार वर गेलं तर मोटर चालू असूनही स्टॉल होतो, म्हणजे पंखाची उचल अचानक कमी होते. ‘इंजिन बंद पडलं की दगडासारखे कोसळाल’ हेही खोटं. ग्लायडर तरंगत खाली येतो. मात्र मोकळी जागा आवाक्यात हवी आणि इंजिनाशिवाय उतरायचा सराव आधीच झालेला हवा.