चार इस्पिकं आणि एक वाटा

जूनमधला शनिवार, पहाटेचे सहा. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात चेसापीक बे ही खाडी जिथे अटलांटिकला मिळते तिथे सतरा मैलांचा एक पूल आहे. मोठ्या जहाजांना वाट मिळावी म्हणून तो दोन ठिकाणी पाण्याखाली बोगद्यात शिरतो, आणि बोगद्यांच्या तोंडांशी दगड रचून बेटं केलेली आहेत. १९६४ साली पूल सुरू झाला तो गाड्यांसाठी, पण त्या दगडांत आणि खांबांभोवती माशांनी घरं केली. अशाच एका बेटाजवळ आमच्या शेजाऱ्यांची होडी नांगर टाकते. शेजारी गोदीतून निवृत्त झालेले, वय बहात्तर. मला गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, त्यांनीच शिकवलं. रत्नागिरीत जन्मून मी तोवर गरी हातात धरली नव्हती. धक्क्यावर गरवायला जायचा तो भाऊ. आलेले मासे साफ करायचे ते आई आणि मी.

आम्ही जातो स्पेडफिशसाठी. पत्त्यातल्या इस्पिकासारखा आकार, चपटं रुपेरी अंग आणि त्यावर काळे उभे पट्टे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या तोंडून ‘पापलेट!’ असंच निघालं. पापलेटशी त्याचं काही नातं नाही, पण तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव इस्पिक. मे महिन्यात पाणी तापलं की हे मासे थव्याने येतात आणि उन्हाळाभर खांब, बुडालेली जहाजं, बोये यांच्याभोवती घुटमळत राहतात. जेलीफिश त्यांना फार आवडतो. दक्षिणेला कॅरोलिनाकडचे लोक जेलीफिशचेच तुकडे गरीला लावतात. आमच्याकडे चालतात ते मोठे शिंपले, आपल्या तिसऱ्यांचे थोरले भाऊ म्हणावेत असे.

ही मासेमारी घाईची नाही. कांद्याच्या जाळीदार पिशवीत ठेचलेले शिंपले भरायचे, वजन बांधून पिशवी खोल सोडायची आणि दर काही मिनिटांनी हातभर वर घ्यायची. वासामागोमाग थवा खालून वर सरकतो. पाणी स्वच्छ असेल तर आधी काळपट सावली दिसते, मग ती सावली फुटून एकेक ताट वेगळं होतं. माशाचं तोंड एवढंसं असतं, त्यामुळे गरी लहान पण दणकट लागते. तंगूस, म्हणजे गरीची दोरी, वीस पौंडांचा ताण सोसणारं, आणि गरीला वजन जवळपास नाहीच. शिंपल्याचं मांस आदल्या रात्री मिठात घालून ठेवलं की चिवट होतं आणि गरीवरून सुटत नाही. त्याचा नखाएवढा तुकडा लावायचा. मासा तो आधी चाखून बघतो. तेव्हा हिसका दिला की गेला. दोरी आपणहून ताठ होईपर्यंत थांबायचं, आणि ती ताठ झाली की पाच पौंडांचा मासा अंग आडवं करून असा गोल गोल ओढतो की मनगट भरून येतं. व्हर्जिनियात याच जातीचे चौदा पौंडांच्या वरचे मासेही मिळालेले आहेत. मी आठ पौंडांच्या पुढे गेलेले नाही.

पण मला लिहायचंय ते चार या आकड्याबद्दल. आमच्याकडे राज्याचा नियम माणशी दिवसाला चार इस्पिकं. यात लांबीची अट नाही, हंगामाची नाही. थवा होडीखाली उभा आहे, आमिष अर्धी बादली उरलंय, आणि चौथा मासा बर्फात गेला की शेजारी पिशवी वर ओढून घेतात. पहिल्या वर्षी मी म्हटलं, आणखी एक घेतला तर कोण बघतंय? ते म्हणाले, ‘तू बघते आहेस की.’

परत धक्क्याला लागलो की कधीकधी एक मुलगी पाटी आणि मोजपट्टी घेऊन उभी असते. ती राज्याच्या पाहणीसाठी काम करते, पोलिस नाही. किती तास गरवत होतात, काय मिळालं, किती परत सोडलं, हे ती विचारते. परवानगी घेऊन मासे मोजते, तोलते. उत्तर देण्याची सक्ती नाही, तरी शेजारी तिला पाच मिनिटं द्यायला कधी कंटाळलेले मी पाहिले नाहीत. १९९५पासून इथे स्वयंसेवकांचा एक उपक्रमही चालतो. गरवणारेच माशाच्या अंगाला नंबराची पट्टी टोचून त्याला सोडून देतात, दुसऱ्या कुणाला तो मिळाला की कळवतात. इस्पिकही त्यात आहे. त्याचा खर्च आम्ही लायसनसाठी भरतो त्या पैशातून होतो.

रत्नागिरीहून भावाचा निरोप येतो तो नेमका या गोष्टींवर. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्यमासा म्हणून जाहीर केलं होतं. त्याची मर्यादा १३५ मिलिमीटर, म्हणजे बॉलपेनाहून जरा कमी. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटलेला आहे. एक बाजू म्हणते, कोळ्यांनीच समुद्र रिकामा केला, जबर दंड लावा. दुसरी म्हणते, मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरणारे पर्ससीनवाले आणि दिव्यांनी मासे गोळा करणारे एलईडीवाले मोकळे, आणि पट्टी आली डोल नावाचं जाळं लावणाऱ्या डोलीवाल्याच्या टोपलीत. मग भाऊ लिहितो, ‘ताई, तुमच्या अमेरिकेत बघ कसं नियमाने चालतं. तूच सांग यांना.’

तेच तर मला सांगता येत नाही. माझे चार मासे माझ्या हौसेचे आहेत. पाचवा सोडला म्हणून आमची चूल थांबत नाही. डोल लावणाऱ्याची गोष्ट वेगळी. जाळं प्रवाहाच्या तोंडाला बांधलेलं, प्रवाह आणेल ते त्यात येणार, आणि डिझेलचे पैसे त्यातूनच निघणार. खोलातून वर आलेलं पिल्लू बहुतेकदा मेलेलंच असतं. ते मोजून परत टाकल्याने समुद्राला फार काही मिळत नाही, जाळ्याची आस, म्हणजे भोकं, मोठी केली तरच मिळतं. माझा संयम दाखवून त्याला धडा द्यायचा, हे मला पटत नाही.

आणि अमेरिका म्हणजे कोणती अमेरिका? याच चेसापीक बेमध्ये मेनहेडन नावाचा तेलकट लहान मासा आहे, आपल्या तारलीच्या चुलतघराण्यातला. विमानातून थवा हेरायचा, मोठ्या जाळ्याने घेरायचा आणि तेल व फिशमीलसाठी कारखान्यात न्यायचा, असा धंदा इथे चालतो. अटलांटिक किनाऱ्यावर त्याला परवानगी देणारं व्हर्जिनिया हे एकटं राज्य. या खाडीतून त्यासाठी वर्षाला ५१,००० टन काढायची मुभा आहे. २०२०पर्यंत या माशाचे नियम राज्याचा मत्स्य आयोग ठरवतच नसे, विधिमंडळ ठरवी. म्हणजे हौशी बाईला दिवसाला चार मासे, आणि कारखान्याला हजारो टन. आमच्या धक्क्यावर यावरून जे भांडण चालतं ते ऐकलं की मला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उभी असल्यासारखं वाटतं. आपल्याकडे २०१६च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले, केंद्राने २०१७मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री समुद्रात दिवे दिसतात, असं भाऊच सांगतो. आधी मोठ्यांना आवरा, हे डोलीवाल्याचं म्हणणं मला रास्त वाटतं.

इथलं काही न्यायचंच असेल तर मी दंडाचं पुस्तक नेणार नाही. त्या मुलीची मोजपट्टी नेईन. दर बंदरावर कुणीतरी रोज उभं राहावं, त्याने विचारावं, मोजावं, लिहून घ्यावं, आणि त्याचा पोलिसाशी संबंध नसावा. शक्यतो ते माणूस कोळीवाड्यातलंच असावं, म्हणजे लिहिलेला आकडा वाड्यातच बसून वाचता येईल आणि खोटा असेल तर तिथल्या तिथे कुणी टोकेल. आपले शास्त्रज्ञ मासळीची मोजदाद करतात, त्याच अभ्यासावर ही ५४ जातींची यादी झाली. पण ज्याच्या टोपलीला ती लागू होते त्याला आकडा येतो तो थेट दंडाच्या पावतीवर.

दुसरी गोष्ट खाणाऱ्यांची, म्हणजे आमच्या घराची. मागच्या ऑगस्टमध्ये मी रत्नागिरीत होते. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून पंधरवडा झाला होता. बाजारात निळ्या प्लास्टिकवर पापलेटचे वाटे लावलेले, एकेक मासा माझ्या तळहाताहून लहान. अंगावरची चांदी बोटाला लागत होती. एका वाट्यात अकरा. मी पर्समधलं पेन काढून शेजारी ठेवलं. अकरापैकी नऊ पेनाच्या टोपणापर्यंतही पोचले नाहीत. मासेवाली मावशी बघत होती. ती चिडली नाही. म्हणाली, ‘बाय, मोठं पापलेट मुंबैला जातं. ह्यां तुमच्यासारखी लोकं घेतात म्हणून येतां.’ आई माझ्या बाजूला पिशवी उघडी धरून उभी होती. चाळीस वर्षं आमच्या घरी असेच वाटे आले, तळले गेले, आणि लहान पापलेट गोड लागतं म्हणून कौतुकाने खाल्ले गेले. त्यातलं कौतुक माझंही आहे.

त्या दिवशी आम्ही बांगडे घेतले. आई दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. तिसऱ्या दिवशी तिने भावाला विचारलं, ते मापाचं काय ते नीट लिहून दे, बाजाराच्या पिशवीत ठेवते. भावाने वहीच्या पानावर पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील अशी नावं लिहिली, आणि पापलेटच्या पुढे पट्टीने १३५ मिलिमीटरची रेघ ओढून दिली. परवा व्हिडिओ कॉलवर आईने ते पान दाखवलं. घडीवर फाटलंय, माशाच्या पाण्याचे डाग पडलेत. मावशीने तिला एकदा ते मागून घेऊन पाहिलं आणि विचारलं, ‘ह्यां आमच्या पोरांक कोणी नाय दिलां?’